नळीचा पीळ आणि गोळीची निवड

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी सूचना मंडळाच्या चिटणीसांकडून आली, तेव्हा आम्ही प्रथम जुनी दप्तरे उघडून बसलो. वतनांचे कागद, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी, कुळांचे वृत्तान्त हे विषय अधिकारी लेखकांनी यापूर्वीच उत्तम रीतीने हाताळले आहेत. त्यांत भर घालण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. परंतु या शोधाशोधीत माळ्यावर एक शिसवी पेटी सापडली, आणि तिने आम्हांस एका निराळ्याच विषयाकडे नेले.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळची एक ठासणीची दुनळी रायफल आहे. ती रीतसर परवान्यावर आहे, कुलपात असते, आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीस, पूजेसाठी बाहेर निघते. पेटी तिचीच होती. आत दारूचे पितळी पात्र, दारू मोजण्याचे माप, टोप्यांची रिकामी डबी आणि गोळ्या ओतण्याचे दोन साचे होते. एका साच्यातून गोल गोळी निघते. दुसऱ्यातून लांबट, टोकदार. नळ्या दोन असल्या तरी दोन्ही एकाच मापाच्या आहेत. मग साचे दोन का? वरवर क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न आम्हांस वर्षभर पुरला. त्याचे उत्तर आमच्या घराच्या दृष्टीने फारसे भूषणावह नाही. तथापि इतिहास लिहावयाचा तर तो पुरता लिहावा, या समजुतीने ते येथे सादर करीत आहोत.

पीळ म्हणजे काय?

साधी बंदूक आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र खाचा पाडलेल्या असतात आणि त्या सरळ न जाता मळसूत्राप्रमाणे वळत जातात. या वळणासच आम्ही पीळ म्हणतो. गोळी नळीतून जाताना खाचांत धरली जाते आणि स्वतःभोवती फिरतच बाहेर पडते. फिरणारी वस्तू आपला आस सहसा सोडीत नाही. वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी भोवरा फिरविला असेल त्यांस हे समजावून सांगण्याचे कारण नाही. जाळी ओढून जोरात सोडलेला भोवरा एका जागी ताठ उभा राहतो. वेग मंदावला की तो डुलू लागतो आणि शेवटी आडवा होतो. गोळीचेही तसेच आहे. पुरेशी फिरली तर टोक पुढे ठेवून जाते. न फिरली तर हवेत डुलते, कोलांट्या खाते आणि निशाणावर आडवी आदळते.

नळीतील खाच किती इंचांत एक पूर्ण फेरा घेते, यावरून पीळ मोजतात. वीस इंचांत एक फेरा हा जलद पीळ. शंभर इंचांत एक फेरा हा मंद पीळ. आता कोणता पीळ चांगला, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर एकच आहे : गोळी कोणती, ते आधी सांगा. गोल गोळीस पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही. तिला थोडे फिरणे पुरते. गोळी जसजशी लांब होत जाते तसतशी ती आडवी होण्याची प्रवृत्ती वाढते, आणि तिला सरळ ठेवण्यास अधिकाधिक फिरवावे लागते. येथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढील सर्व इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

एन्फील्ड आणि व्हिटवर्थ

१८५३ साली इंग्लंडच्या सैन्याने जी एन्फील्ड रायफल स्वीकारली, तिचे नाव आपल्या इतिहासात १८५७ च्या काडतुसांमुळे कायमचे नोंदले गेले आहे. काडतुसाच्या चरबीविषयी सर्वांनी वाचले आहे. नळीविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, लांबी ३९ इंच, आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. म्हणजे नळीच्या तोंडाशी येईपर्यंत गोळी जेमतेम अर्धा फेरा घेई. गोळी लांबट असली तरी तिचा तळ पोकळ होता. बार उडताच तळ फुगून खाचांत बसे, आणि वजन पुढच्या अंगास असल्यामुळे एवढ्या मंद पिळातही ती बऱ्यापैकी सरळ जाई. तरीही लांब पल्ल्यावर तिचा नेम बिघडे. १८६० च्या आखूड रायफलीस ४८ इंचांत एक फेरा असा अधिक जलद पीळ देण्यात आला, तेव्हा तीच गोळी लांबवर अधिक नेमकी बसू लागली.

मँचेस्टरचे नामांकित यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी याच काळात सरकारच्या सांगण्यावरून प्रयोग आरंभिले. त्यांनी गोळीचे वजन ५३० ग्रेन, म्हणजे एन्फील्डच्या गोळीइतकेच ठेवले. परंतु नळी ०.४५१ इंच इतकी अरुंद केली. वजन तेच आणि जाडी कमी, तेव्हा गोळी साहजिकच लांब झाली. तिला सरळ ठेवण्यासाठी त्यांनी २० इंचांत एक फेरा असा तीव्र पीळ दिला. १८५७ च्या चाचण्यांत या षट्कोनी नळीने एन्फील्डला फार मागे टाकले. सैन्याने मात्र ती सरसकट स्वीकारली नाही. ती महाग होती, आणि काळ्या दारूची काजळी त्या अरुंद नळीत लवकर साचे. पण गोळी लांब करावयाची तर पीळ वाढवावा लागतो, हा धडा बंदूक करणारांनी तेथून घेतला.

सातपुड्यातील एक तरुण अधिकारी

हा धडा खरा असूनही अरण्यात जसाच्या तसा लागू पडेना, आणि याचे कारण ज्याने स्पष्टपणे मांडले तो मनुष्य आपल्याच प्रदेशात वावरलेला होता. १८६१ साली नागपूर हे मुख्य ठाणे करून मध्यप्रांत निर्माण झाला. त्या प्रांताच्या जंगलखात्यात आणि पुढे निमाडच्या जमाबंदीच्या कामावर जेम्स फोर्सिथ नावाचा एक लष्करी अधिकारी होता. १८६२ साली तो पचमढीच्या पठारावर गेला आणि तेथे त्याने मुक्काम बांधला. सातपुड्याच्या रांगांवरील त्याचा ग्रंथ १८७१ साली, म्हणजे त्याच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तो आजही वाचला जातो. त्याचे दुसरे पुस्तक मात्र विस्मृतीत गेले आहे. १८६३ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर ते लिहिले. आमच्या पेटीतील कोडे त्या पुस्तकाने सुटले.

फोर्सिथचे म्हणणे थोडक्यात असे. चांदमारीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते. जंगलात ते कोणी मोजून देत नाही. बांबूच्या बेटातून जनावर क्षणभर दिसते. ते साठ पावलांवर आहे की सव्वाशे, हे ठरविण्यास सवड नसते. अशा वेळी गोळी जितकी सपाट रेषेत जाईल तितकी अंतराची चूक कमी भोवेल. सपाट रेषेसाठी वेग हवा, वेगासाठी दारू पुष्कळ हवी. परंतु जलद पिळाच्या नळीत शिशाच्या गोळीमागे दारू वाढविली की एक विपरीत घडते. मऊ शिसे खाचांचे वळण न घेता त्यांवरून सरळ घसरत सुटते. गोळी फिरतच नाही, आणि रायफल असून नसल्यासारखी होते. म्हणून जलद पिळाच्या रायफलीत दारू कमी घालावी लागे, वेग कमी पडे, आणि गोळीची वाट कमानीसारखी होई.

यावर त्याचा उपाय असा की, शिकारीस गोल गोळी घ्यावी, नळी जाड व्यासाची घ्यावी, पीळ अतिशय मंद ठेवावा आणि दारू मनमुराद घालावी. चौदा बोअरच्या नळीस त्याने सुमारे १०४ इंचांत एक फेरा असा पीळ सांगितला. बोअर म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगितले पाहिजे. एक पौंड शिशाच्या सारख्या चौदा गोळ्या केल्या असता त्यांतील एक जिच्यात बसते ती नळी चौदा बोअरची. तिचा व्यास सुमारे ०.६९ इंच आणि गोळीचे वजन ५०० ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम भरते.

त्या काळी सर्वच शिकारी या मताचे होते असे नव्हे. तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंधमध्ये जनरल जॉन जेकब यांनी चार खाचांची दुनळी रायफल सिद्ध केली होती. तिचा पीळ सुमारे ३० इंचांत एक फेरा, गोळी लांबट, आणि हेतू दूरवरची दारूगोळ्याची गाडी उडविण्याचा. त्यापूर्वी, १८४० साली, सॅम्युअल बेकर यांनी ब्रिस्टॉलच्या गिब्जकडून २१ पौंड वजनाची एक प्रचंड रायफल करवून घेतली होती. तिच्या ३६ इंचांच्या नळीत एकच फेरा होता, आणि घसरू नये म्हणून गोळीवर खाचांत बसणारा पट्टा ओतलेला असे. तिघांची गरज निराळी, म्हणून तिघांचा पीळ निराळा. यांतील कोणीही चुकलेला नव्हता. चूक त्याची, जो एकाची नळी घेऊन तिच्यात दुसऱ्याची गोळी घालतो.

ग्रीनहिलचे गणित

कोणत्या गोळीस किती पीळ हवा, हे १८७९ पर्यंत बहुतांशी अनुभवाने ठरत असे. त्या वर्षी वुलिच येथील तोफखान्याच्या विद्यालयात गणित शिकविणारे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी एक सुटसुटीत सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा, इंचांत, वर्ग करावा. त्यास १५० ने गुणावे. आलेल्या संख्येस गोळीच्या लांबीने भागावे. उत्तर येईल तितक्या इंचांत एक फेरा, हा त्या गोळीस पुरेसा पीळ होय. अधिक बारीक गणिते पुढे झाली असली, तरी जुन्या बंदुकांसाठी हे सूत्र आजही उपयोगी पडते.

एक उदाहरण पाहू. १८७१ साली सैन्यात आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ०.४५ इंच व्यासाची आणि सुमारे १.२७ इंच लांब होती. सूत्राप्रमाणे उत्तर सुमारे २४ इंच येते. प्रत्यक्ष नळीचा पीळ २२ इंचांत एक फेरा होता. म्हणजे गोळीच्या गरजेपेक्षा किंचित अधिकच. आता फोर्सिथची गोल गोळी घेऊ. गोल गोळीची लांबी म्हणजे तिचा व्यासच, म्हणून ०.६९ ला १५० ने गुणले की झाले. उत्तर १०३ इंचांहून किंचित अधिक येते. जे गणित १८७९ साली कागदावर उतरले, तेच सातपुड्यातील एका तरुण शिकाऱ्याने सोळा वर्षे आधी, पडलेली जनावरे आणि चुकलेले बार मोजून, एका इंचाच्या फरकाने सांगितले होते! हे प्रथम ताडून पाहिले तेव्हा आम्ही दोनदा आकडेमोड केली.

पेटीतील दुसरा साचा

आता आमच्या घराकडे वळतो. आमच्या रायफलीच्या नळ्या २६ इंच लांब आहेत. सफाईच्या गजास घट्ट चिंधी गुंडाळून, गज हलकेच आत सरकवून आम्ही पीळ मोजला. पूर्ण नळीतून जाईपर्यंत गज बरोबर पाव फेरा वळला. २६ ची चौपट १०४. म्हणजे ही रायफल फोर्सिथच्या मताची, अस्सल गोल गोळीची आहे. पेटीतील गोल साचा तिचा जन्मापासूनचा सोबती होय.

लांबट साचा मागाहून आला. त्यातून निघणारी गोळी आम्ही मोजली, ती १.२ इंच लांब आहे. सूत्रात आकडे घातले असता तिला ६० इंचांत एक फेरा असा पीळ हवा, असे निघते. नळीत आहे १०४. ही गोळी त्या नळीतून सरळ जाणे शक्यच नाही.

याची एक हकीकत आमच्या घरात आहे. आम्ही लहान असताना आजीच्या तोंडून ती अनेकदा ऐकली होती; पण तिचा अर्थ गज फिरविल्यावर कळला. आमचे पणजोबा मेळघाटाच्या पायथ्याशी राहत. शिकारीचा त्यांस नाद होता. एका हिवाळ्यात गुरांवर पडणाऱ्या बिबट्यासाठी हाका घातला होता. त्याआधी कुणीतरी त्यांस हा नवा साचा दिला होता. गोळी टोकदार, जड, दिसण्यात भेदक. आणि गोल गोळी जुनाट, हे मत त्या वेळी सर्वत्र पसरले होतेच. पणजोबांनी चाळीस पावलांवरून बार टाकला. नेम खांद्यावर होता. बिबट्या कोलमडला, उठला आणि हाक्याच्या रांगेत शिरला. रांगेतील एका कोरकू हाकाऱ्यास त्याने फाडले. तिसऱ्या दिवशी तो मनुष्य मरण पावला. बिबट्या नंतर मारला गेला. त्याचे कातडे पुष्कळ वर्षे आमच्या ओसरीवर होते, आणि त्याच्या मागच्या अंगास, पोटाजवळ, एक भोक होते. ते वाटोळे नव्हते. बोटभर लांब होते. आजी म्हणे, “गोळी आडवी गेली रे, नशीबच आडवे आले.”

नशीब आडवे आले नव्हते. गोळी आडवी गेली होती, आणि ती जाणारच होती. पणजोबांचा हात चुकला नाही, रायफलीत दोष नव्हता, दारू ओली नव्हती. नळी करणाऱ्याने नळीत जे लिहून ठेवले होते ते आमच्या घरात कोणी वाचले नाही, एवढेच घडले. आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. रायफल कोठून आली, किती रुपयांस घेतली, बिबट्या नाकापासून शेपटीपर्यंत किती भरला, हे सर्व आमच्या घरात तोंडपाठ आहे. त्या हाकाऱ्याचे नाव कोणासही ठाऊक नाही. आजीला ठाऊक नव्हते. कुणी विचारलेही नसावे.

पोलादी कवच आणि वेगाचे युग

पुढचा इतिहास लवकर आटोपतो. १८५६ च्या सुमारास लंडनच्या पर्डी यांनी आपल्या वेगवान रायफलीस आगगाडीवरून एक्स्प्रेस हे नाव दिले, आणि पुढील तीस वर्षे त्या नावाच्या रायफलींनी हिंदुस्थानातील शिकारखाने भरून गेले. या रायफली हलकी गोळी आणि भरपूर दारू या तत्त्वावर चालत. गोळीच्या टोकास बहुधा पोकळी असे, म्हणजे आत जाताच ती उमलावी. हरणावर, बिबट्यावर ती उत्तम काम करी. पण तीच गोळी गव्यासारख्या दणकट जनावरावर झाडली की कातडीखालीच फुटून जाई, आणि जखमी जनावर जंगलात नाहीसे होई. पीळ बरोबर असला तरी गोळीची घडण चुकीची असू शकते, हा दुसरा धडा.

तिसरा धडा धुराविना जळणाऱ्या दारूने दिला. १८८८ सालच्या ली-मेटफर्ड रायफलीची नळी अवघी ०.३०३ इंच होती आणि पीळ १० इंचांत एक फेरा. एवढ्या तीव्र पिळात आणि एवढ्या वेगात उघडे शिसे टिकले नसते. म्हणून गोळीस तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कवच चढविण्यात आले. फोर्सिथला छळणारी शिसे घसरण्याची अडचण अशी एका पातळ कवचाने दूर झाली, आणि मग लांब गोळी, तीव्र पीळ व मोठा वेग ही तिन्ही प्रथमच एका नळीत नांदू लागली. कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजत. म्हणून १८९५ पासून अधिक खोल, पाच खाचांची एन्फील्ड नळी आली. कवचाचा एक परिणाम असाही झाला की गोळी आरपार जाई आणि उमलत नसे. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी निघाली ती यामुळे. १८९९ च्या हेग येथील परिषदेत अशा गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा झाली. शिकारीत मात्र मऊ टोकाची गोळी राहिली, आणि ते योग्यही होते. कारण तेथे जनावर लवकर आणि कमी यातनांत पडणे हाच दयेचा मार्ग आहे.

एकाच नळीतून गोळी पाहून निरनिराळे काम कसे घेता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या रिग्बी यांची ०.२७५ ची रायफल. ती मूळची जर्मन माउझर. पीळ २२० मिलिमीटरांत, म्हणजे पावणेनऊ इंचांहून थोड्या कमी लांबीत एक फेरा. हा पीळ १७३ ग्रेनच्या लांब गोळीसाठी होता. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यांतील बरेचसे या मापाच्या लांब, पूर्ण कवचाच्या गोळीने मारले. ती हत्तीच्या डोक्यात सरळ रेषेत शिरे. त्याच मापात १९०७ च्या सुमारास १४० ग्रेनची हलकी, वेगवान गोळी आली. नळी जलद पिळाची आणि गोळी त्याहून आखूड, तरी ती नीटच गेली. जलद पीळ आखूड गोळीस क्षमा करतो, मात्र तिचे कवच मजबूत पाहिजे. मंद पीळ लांब गोळीस कधीच क्षमा करीत नाही. साऱ्या विषयाचे सार या दोन वाक्यांत आहे.

अशीच एक रिग्बी १९०७ नंतर जिम कॉर्बेट यांच्या हाती आली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ती त्यांस भेट दिली होती. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा बिबट्या याच रायफलीने पडला. परंतु आम्हांस या ठिकाणी रायफलीपेक्षा वाघिणीची आठवण होते. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी मोजले गेले होते. ती पडल्यावर कॉर्बेट यांना दिसले की तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आहेत. खालचा तर हाडापर्यंत. ती जुनी गोळीची जखम होती. नेहमीचे भक्ष्य मारता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एक बार वाईट बसला, आणि त्याची किंमत डोंगरातील गवत कापणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षे दिली. आमच्या ओसरीवरील कातड्याचे भोक आम्हांस त्या दिवसापासून निराळे दिसू लागले.

आपल्या घरांतील रायफली

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्या घरांत जुनी शिकारी रायफल आहे, तेथे ती बहुधा तीन प्रकारांपैकी एक असते. पहिली आमच्यासारखी ठासणीची. दुसरी काळ्या दारूची काडतुसी एक्स्प्रेस. तिसरी ०.३१५. या शेवटच्या मापाची कथा मनोरंजक आहे. ०.३०३ हे लष्करी माप इंग्रज सरकार सामान्य नागरिकांस देत नसे. म्हणून तशाच घडणीची रायफल ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर काडतुसाच्या मापात करून येथे विकली जाई. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही ती केली. तिची ठरलेली गोळी २४४ ग्रेनची, मऊ टोकाची आहे.

या रायफलींतून आता शिकार होत नाही, आणि होऊही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते युग संपविले. आम्हांस त्याचे दुःख नाही. परंतु रायफली आहेत, आणि त्या आहेत तोवर त्यांविषयीचे अज्ञान धोक्याचेच आहे. कोणी जाणत्याकडून, परवानगीच्या ठिकाणी, निशाणावर बार काढून पाहील. कोणी दुकानातून मिळेल ते काडतूस बसते म्हणून घालील. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

ठासणीची बंदूक रिकामी आहे, असे कधीही गृहीत धरू नये. आतून गज घालून किती जातो ते पाहावे आणि तितकेच माप बाहेरून धरावे. गज बुडापर्यंत पोचत नसेल तर आत पूर्वजांनी भरलेला बार अजून असू शकतो. अशी बंदूक तत्काळ जाणत्या कारागिराकडे न्यावी. रिकामी असल्याची खात्री झाल्यावर पीळ मोजावा, तो असा : फिरत्या मुठीच्या गजास घट्ट चिंधी लावावी, गजावर खूण करावी, आणि खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत गज किती इंच आत गेला ते मोजावे. नळी आखूड असेल तर अर्धा किंवा पाव फेरा मोजून गुणावे. नळीचा व्यास आणि साच्यातील गोळीची लांबी लिहावी, आणि ग्रीनहिलच्या सूत्राने दोहोंचा मेळ पाहावा. मेळ बसला नाही तर तो साचा त्या नळीचा नव्हे. शेवटची गोष्ट ही की, काळ्या दारूच्या नळीत आधुनिक दारूचे काडतूस कधीही घालू नये. ती नळी तेवढा दाब सोसण्यासाठी घडविलेलीच नाही.

हे आज लिहिण्यास एक कारण आहे. २०१९ साली १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुका बाळगण्याची मर्यादा आली, आणि अनेक घरांतून जुन्या बंदुका बाहेर पडल्या. ज्या उरल्या आहेत त्याही पुढील पिढीत राहतीलच असे नाही. रायफल गेली तर जावो. ती कायद्याप्रमाणे योग्य ठिकाणी जावी. परंतु जाण्यापूर्वी तिचा व्यास, पीळ, करणाऱ्याचे नाव आणि तिच्यासोबतच्या साच्यांची मापे एका कागदावर उतरवून ठेवावीत. आणि त्याच कागदावर, ठाऊक असेल तर, त्या बंदुकीच्या सोबतीने रानात चाललेल्या माणसांची नावेही लिहावीत. हाका घालणारे, माग काढणारे, मचाण बांधणारे हे सर्व त्या बंदुकीच्या इतिहासाचेच भाग आहेत.

आमच्या कागदावर आम्ही तसे लिहिले आहे. व्यास ०.६९ इंच, पीळ १०४ इंचांत एक फेरा, गोळी गोल. त्याखाली आम्ही एक ओळ कोरी ठेवली आहे. मेळघाटाच्या बाजूस आम्ही अजून विचारपूस करीत आहोत. ज्ञातिबांधवांपैकी कोणास त्या भागातील जुन्या हाकाऱ्यांच्या घराण्यांची माहिती असल्यास मंडळाच्या कार्यालयात अवश्य कळवावी. लांबट साचा आम्ही पेटीतून काढून वेगळा ठेवला आहे. तो मोडीत घालावा, असे घरातील तरुण मंडळींचे म्हणणे पडले. आम्ही तसे केले नाही. त्यावर एक चिठ्ठी बांधली आहे : “हा या नळीचा नव्हे.” येणाऱ्या खंडेनवमीस रायफलीची पूजा होईल तेव्हा तोही पाटावर ठेवण्याचा आमचा विचार आहे. पूजेसाठी नव्हे, आठवणीसाठी.